भाई आणि भूत: काय बघावं, किती बघावं आणि कुठे पुढे ढकलावं

गँगस्टरपट आणि स्वस्तातले भूतपट ही एकाच दुकानाची दोन शटरं आहेत. पटत नसेल तर सदाशिव अमरापूरकरांकडे बघा. 1983 साली 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी म्हणून खुर्चीत नुसते बसून ते समोरच्या इन्स्पेक्टरचा घाम काढतात आणि 1984 साली भूतपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये भुताच्या हवेलीभोवती वावरताना दिसतात. राम गोपाल वर्माने 'सत्या' हा गँगस्टरपट केला, त्याआधी 1992 साली 'रात' आणि नंतर 2003 साली 'भूत' केला. आपल्या 'झपाटलेला'त तर गुंड आणि भूत एकाच बाहुल्यात कोंबलेत.

दोन्हीकडे तिकिटाच्या बदल्यात एकच माल मिळतो. आता काहीतरी होणार, ही धाकधूक. गोळी सुटायला अर्धा सेकंद लागतो आणि भुताचा पंजा खांद्यावर पडायला तेवढाच. पैसे वसूल होतात ते त्याआधीच्या चार मिनिटांत. ही चार मिनिटं ज्याला जमली त्याचा सिनेमा कितीही फाटका असला तरी बघावा. ज्याला जमली नाहीत त्याने परदेशातून बंदुका आणल्या काय आणि रबराचे राक्षस आणले काय, सारखंच.

आधी भुतं. रामसे कुटुंबाची गोष्ट हिंदी सिनेमाच्या नादिष्टांना तोंडपाठ असते. वडील एफ. यू. रामसे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान चालवत. मुंबईत आल्यावर लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि मग सिनेमे काढायला लागले. 1970 सालचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग आहे, आणि प्रेक्षक तेवढ्यासाठी थिएटरात येत होते. मुलांनी ते हेरलं. म्हणजे रामसे भूतपटाचा जन्मच एका चोरीच्या सीनमधून झाला! 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला सगळं बिऱ्हाड नेऊन, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात तो उरकला. सात भाऊ होते. कुमार लिहायचा, गंगू कॅमेरा धरायचा, किरण आवाज बघायचा, अर्जुन संकलन करायचा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे आणि केशू निर्मितीची बाजू सांभाळायचा. बाहेरच्याला द्यायचा पगार घरातच मुरला, की बजेटातली सगळ्यात मोठी गळती बंद होते. दुसरी गळती सेटची. ती वाचवायला जुनी हवेली, डाक बंगला, नवाबाचा वाडा शोधायचा. मुरुडच्या नवाबाचा समुद्राकडे तोंड केलेला वाडा बघितलाय ना? तिथे गेलेला माणूस पुढे रामसेपट बघताना 'अरे, हा तर तोच जिना!' असं म्हणतोच.

एकच रामसेपट बघायचा असेल तर 'पुराना मंदिर' बघा. कथा दोन ओळींची आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजाने सामरी नावाच्या सैतानाचं शिर धडावेगळं केलं, धड देवळामागे पुरलं आणि शिर पेटीत घालून हवेलीत लपवलं. मरताना सामरीने शाप दिला की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आजच्या काळातली मुलगी, तिचा मित्र आणि त्याचा दोस्त शापाचा छडा लावायला हवेलीत येतात. शिर धडाला लागू द्यायचं नाही, एवढाच नियम. भयपटाला याहून चांगला नियम मिळत नाही, कारण प्रेक्षकाला तो पाचव्या मिनिटाला कळतो आणि पुढचे दोन तास तो स्वतःच घाबरत बसतो. पेटी दिसली की पोटात गोळा येतो आणि त्यासाठी दिग्दर्शकाला नवा पैसा मोजावा लागत नाही.

सामरी झालेल्या अनिरुद्ध अगरवालची उंची हाच या सिनेमाचा सगळ्यात मोठा स्पेशल इफेक्ट. रबराचा तोंडभर मुखवटा चढवला की दोन गोष्टी बिघडतात. मानेपाशी सांधा दिसतो, आणि डोळे व जबडा हलत नसल्याने पाच सेकंदांत भुताचं बुजगावणं होतं. इथे चेहरा माणसाचा आहे, मेकअप त्याच्यावर आहे, आणि कॅमेरा कमरेखालून वर बघतो. त्यामुळे दारात उभा राहिला की दार छोटं वाटतं. मागून निळा नाहीतर लाल दिवा, पायाशी धूर, बाजूला पंखा. या तीन गोष्टींत अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं आवाजाने: बिजागऱ्या, वटवाघळं, वारा आणि मध्येच सगळं बंद. तेवढी दोन सेकंदांची शांतता आली की उशी जवळ घ्या.

आता फसलेलं. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीपचा मच्छर सिंग हा 'शोले'च्या गब्बरची नक्कल करणारा डाकू मधूनमधून घुसतो. मुख्य कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही. एका तिकिटात भीती, गाणी, मारामारी, विनोद सगळं मिळायला हवं, हा त्या काळच्या बाजाराचा हिशोब होता. मच्छर सिंग दिसला की सिनेमा पुढे ढकला, काहीही चुकत नाही. दुसरं, काही रात्रीचे प्रसंग दिवसाच काढलेत. लेन्सवर निळं फिल्टर लावायचं, एक्स्पोजर कमी करायचं आणि रात्र म्हणून खपवायचं. ही युक्ती आभाळ चौकटीत आलं नाही तरच चालते. आभाळ दिसलं की ते पांढरं पडतं, पात्रांच्या सावल्या जमिनीवर ठसठशीत उमटतात, आणि कंदील घेऊन फिरणारा माणूस भर दुपारी कंदील घेऊन फिरताना दिसतो. तिसरं, शेवटाकडे सामरी फार वेळ दिसतो. भूत जितकं उजेडात तितकं त्याचं वय वाढतं.

बाकीचे रामसे उभ्या उभ्या. 'वीराना' (1988) जास्त गाजला तो जास्मिनमुळे आणि तिच्या अंगात शिरणाऱ्या चेटकिणीमुळे. मध्यंतरापर्यंत मस्त आहे, मग पसरतो. सतीश शहांनी रंगवलेला हिचकॉक नावाचा भयपटवाला मात्र रामसेंनी स्वतःचीच उडवलेली टर आहे, तो पुढे ढकलू नका. 'बंद दरवाजा' (1990) हा त्यांचा ड्रॅक्युला. पुन्हा अनिरुद्ध अगरवाल, या वेळी काळ्या झग्यात, नाव नेवला. वटवाघूळ दोरीला बांधलंय हे लहान पोरालाही कळतं, तरी वातावरण 'पुराना मंदिर'च्या खालोखाल. 'सामरी' (1985) थ्री-डीसाठी काढलेला. चष्म्याशिवाय बघाल तर पात्रं उगाचच वस्तू कॅमेऱ्यात खुपसत बसलेली दिसतात. वगळा. रामसेंच्या वाऱ्यावर मोहन भाकरीसारख्या इतरांनी काढलेले 'खूनी महल', 'कब्रस्तान' वगैरे चार मित्र जमल्यावर कुजबुज नव्हे तर आरडाओरडा करत बघण्याचे. एकट्याने बघितले तर झोप येते.

दुसरं शटर उघडू. मुंबईच्या गँगस्टरपटाला माझी एकच परीक्षा आहे. पैसा कुठून येतो आणि कुणाकडे जातो, हे दिसतं का? पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, घोडा म्हणजे पिस्तूल, एवढी भाषा कुणीही पाठ करतो. पण वसुलीचा फोन कुणाला गेला, तो का घाबरला, नेत्याला त्यातलं काय पोचलं, पंटरला हातात काय पडलं, हे दाखवणारे थोडे. 'सत्या' (3 जुलै 1998) त्यातला अजूनही पहिला. बिल्डर, निवडणूक लढवणारा भाऊ ठाकूरदास झवले, वकील मुळे, टोळीतला कल्लूमामा, टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे. ही साखळी कागदावर काढता येते. आणि ती ज्या खोल्यांत चालते त्या खोल्या खऱ्या वाटतात: पंखा, पोपडे, टीपॉयवरचे ग्लास, बाहेर पाऊस. त्यावेळी अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांनी लिहिलेल्या या माणसांना बायका होत्या, पोरं होती, घरी उशिरा गेल्यावर शिव्या मिळत होत्या. भिकू आणि त्याची बायको प्यारी यांचं भांडण बघा. थपडा, हसू आणि लाड एकाच मिनिटात. हिंदी सिनेमातल्या डॉनच्या बायकोला तोवर देवघर नाहीतर दवाखाना यापलीकडे जागा नव्हती.

खरा धडा मात्र भिकूच्या मरणात आहे. निवडणूक जिंकल्याची बैठक, हसणं-खिदळणं, दोस्ती. भाऊ सहज उठतो आणि भिकूच्या डोक्यात गोळी. वाजतगाजत तयारी नाही, स्लो मोशन नाही, मरताना डायलॉग नाही. ज्या माणसाने आपल्याला दोन तास हसवलं तो वाक्याच्या मध्येच संपतो. मग उरतात आजूबाजूचे चेहरे. कुणालाच खुर्चीतून उठता येत नाही. इथून शेवटापर्यंत प्रेक्षक प्रत्येक हसणाऱ्या माणसाकडे संशयाने बघतो. रामसेंनी पेटीने केलं ते वर्माने एका गोळीने केलं. पुढे गणपती विसर्जनाच्या गर्दीत भिकूचा दोस्त सत्या भाऊला गाठतो तेव्हा गुलाल, ढोल आणि लाखो माणसं असूनही कुणालाच काही दिसत नाही. मुंबईत राहणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

'सत्या'चं चुकलं कुठे? गाणी. सत्या आणि विद्याची प्रेमगाणी ऐकायला गोड आहेत, पण प्रत्येक वेळी गोष्ट ब्रेक लावून उभी राहते. 'गोली मार भेजे में' मात्र गोष्टीच्या पोटातलं आहे, दारू पिऊन ही टोळी अशीच नाचेल. तेवढं ठेवा, उरलेल्या गाण्यांत चहा करून घ्या. पावणेतीन तासांचा सिनेमा त्याने सुटसुटीत होतो.

'परिंदा' (1989) आज बघताना थोडा नाटकी वाटतो. संवाद जड आहेत, मैत्रीचे प्रसंग लांबलेत. पण विधू विनोद चोप्राने यातल्या डॉनला, अण्णाला, आगीची भीती दिली आणि नाना पाटेकरने ती डोळ्यांत अशी काही धरली की काडी ओढल्याच्या आवाजाने आपणही दचकतो. हा गँगस्टरपट खरं तर भयपट म्हणून बघावा. रेणू सलुजाचं संकलन आणि नानाचं काम, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दोन्ही पुरस्कार पडद्यावर दिसतात. कबुतरं एकदम उडतात तिथले तुकडे मोजून बघा. कट कुठे पडला ते पहिल्या फेरीत कळणार नाही.

महेश मांजरेकरचा 'वास्तव' (1999) मराठी माणसाला जवळचा, कारण ही गोष्ट पावभाजीच्या गाडीवरून सुरू होते. संजय दत्तच्या रघूला भाई व्हायचं नसतं. गाडीवर गिऱ्हाईकाशी झालेल्या मारामारीत माणूस मरतो आणि मग परतीची वाट बंद होते. पहिला तासभर सिनेमा घट्ट आहे. तवा, गल्ला, चाळीची गॅलरी, रीमा लागूंची आई, संजय नार्वेकरचा देढफुट्या. नंतर सोन्याच्या साखळ्या वाढतात तसा आवाजही वाढतो. संजय दत्त जितका ओरडतो तितका कमी धोकादायक वाटतो. शांत बसलेला रामा शेट्टी एकदा बघून 'वास्तव' लावला तर हा फरक लख्ख दिसतो. तरी शेवट सोडू नका. पोराच्या हातापाया पडण्याला आई काय उत्तर देते, ते हिंदी सिनेमातल्या आईच्या तोवरच्या सगळ्या रडण्यावर भारी आहे.

गिरणगावातली पोरं या धंद्याकडे का वळली, हे ज्याला खरंच बघायचंय त्याने 'लालबाग परळ' (2010) बघावा. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून आलेला. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप, बंद गिरणी, घरात बसलेला बाप आणि भुकेली पोरं. नाटकातली कळ सिनेमात थोडी भडक झालीय, पण कारणमीमांसा पक्की. पुण्याकडची बाजू प्रवीण तरडेच्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये (2018). जमीन विकली, पैसा गाडी आणि मिरवणुकीत उडाला, आणि काल सातबारा नावावर असलेला पाटील आज दुसऱ्याचा हमाल. पैसा कुठून आला आणि कुठे गेला या परीक्षेत हा पैकीच्या पैकी. कोयत्यांचे प्रसंग मात्र इतके स्टाइलमध्ये घेतलेत की ज्या पोरांना सावध करायचं त्यांनी त्याचेच स्टेटस ठेवले असतील, तर नवल नाही.

आणि मग 'गुंडा'. 'सत्या' आला त्याच वर्षी, 1998 साली, कांती शाहने हा काढला. मिथुन चक्रवर्ती विमानतळावरचा हमाल शंकर, मुकेश ऋषी बुल्ला. प्रत्येक खलनायक कॅमेऱ्यासमोर येऊन यमक जुळवत स्वतःची ओळख करून देतो. पैसे नव्हते म्हणून सेट नाही. मोकळं मैदान, गोदी, रस्ता. मारामारीत रिक्षांचा ताफा येतो, कुठून ते विचारायचं नाही. एका प्रसंगातला दिवस पुढच्या कटमध्ये कलतो आणि परत उगवतो. तरी लोक वीस-पंचवीस वर्षं हा सिनेमा का बघतात? कारण तो एक क्षणही थांबत नाही आणि स्वतःवर हसत नाही. मुद्दाम वाईट केलेला सिनेमा कंटाळवाणा होतो, मनापासून वाईट केलेला होत नाही. एक सूचना, ती गांभीर्याने घ्या: भाषा अश्लील आहे आणि बायकांवरचे अत्याचार खेळासारखे दाखवलेत. घरातल्या मोठ्यांसोबत किंवा पोरांसोबत लावू नका, आणि ते प्रसंग पुढे ढकलायला लाजू नका.

वर्माचे दोन भूतपट आता पटकन कळतील. 'रात'मध्ये मांजर, तळघर आणि रेवतीच्या पाठीमागून सरकणारा कॅमेरा. कुणाच्या नजरेतून बघतोय हे सांगितलं जात नाही, म्हणून मान वळवावीशी वाटते. 'भूत'मध्ये हवेली सोडून तो टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये आला आणि गाणी काढूनच टाकली. लिफ्ट, कॉरिडॉर, फ्रिजचा उजेड. मध्यरात्री लिफ्टने वर जाणाऱ्याला 'पुराना मंदिर'पेक्षा हा जास्त छळतो. शेवटच्या अर्ध्या तासात भूत बोलायला लागतं, हिशोब मागायला लागतं, आणि भीतीचा गुन्हेपट होतो. तिथे पकड सुटते.

परदेशातला एकच सांगतो, कारण स्वस्त भूतपटांचा तो बाप आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968). एक घर, थोडी माणसं, बाहेर मुडदे. खर्च सुमारे 1 लाख 14 हजार डॉलर. कृष्णधवल असल्याने रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चाललं. वितरकाने नाव बदलताना नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली आणि सिनेमा फुकट वाटला गेला. त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या शेकडो प्रती आहेत आणि बहुतेक भिकार. रंग भरलेली प्रत बघूच नका, सावल्या जातात आणि सिरपचं बिंगही फुटतं. मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली 4के प्रत शोधा.

प्रतीचा हा घोळ रामसेपटांतही आहेच. लावण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, पात्रांची डोकी वरून कापलेली नाहीत ना. मोठा पडदा भरावा म्हणून चित्र ताणतात किंवा छाटतात. दोन, लांबी. 'पुराना मंदिर' सव्वादोन तासांच्या वर आहे, दीड तासाची प्रत मिळाली तर कुणीतरी कात्री चालवलीय. तीन, काळोख. अपलोड करणाऱ्याने उजळपणा वाढवला असेल तर काळ्या जागी करडं दिसतं, धूर पांढरट होतो आणि मुखवट्याचे सांधे मोजता येतात. टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड बंद, 'सिनेमा' मोड चालू, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद. तिने 'सत्या'सुद्धा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. जुन्या सिनेमांचा आवाज एकाच वाहिनीचा असतो. त्याला सराउंड लावलं की संवाद विहिरीतून येतात. साधा स्टिरिओ ठेवा, ट्यूबलाइट घालवा.

पोरांना या दोन्ही शटरांची पहिली ओळख करून द्यायची तर 'झपाटलेला' (1993). तात्या विंचू आधी गुंड आहे, पोलिसांची गोळी लागलेला. मृत्युंजय मंत्राने तो बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्याच्या शरीराची वाट बघतो. कल्पना हॉलिवूडच्या बाहुलीपटातून घेतलीय, पण श्रीरंगपूर, बाबा चमत्कार, कुबड्या खवीस आणि 'ओम फट् स्वाहा' हे सगळं इथलं. पुन्हा नियम एकच आणि सोपा: दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तरच तो मरतो. रामदास पाध्यांचा बाहुला हलतो तेव्हा हसू येतं. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आला की हसू अर्ध्यात थांबतं. आणि महेश कोठारेने ओळखलं की बाहुला सगळ्यात भयानक असतो तो हलत नसताना. म्हणून लक्ष्या इकडे बडबडतोय आणि मागे तो नुसता बसलाय, असे शॉट बघा. पोर किंचाळून बोट दाखवेल तेच हे शॉट असतील. 2013 चा दुसरा भाग थ्री-डीत आला. साध्या पडद्यावर त्यातही वस्तू उगाच अंगावर येतात, आणि बाहुला फार हलतो.